विहिरींत पडणाऱ्या दगडाचा हिशेब



अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांत राहुरी तालुक्यामध्यें देवळाली प्रवरा हें गांव आहे. नाशिकजवळची तोफखान्याची देवळाली ती निराळी. ही देवळाली प्रवरेच्या पाण्याची. भंडारदऱ्यास अडविलेलें पाणी कालव्यांनीं या टापूंत आलें आणि शेताशिवारांत ऊंस उभा राहिला. परंतु कालवा आला म्हणून विहीर गेली नाहीं. दख्खनच्या काळ्या पाषाणांत खोदलेली, वर कठडा, आंत अंधार आणि तळाशीं आभाळाचा एक चकचकीत तुकडा, अशी विहीर या भागांत आजहि ओळखीची आहे. विहिरीच्या कांठावर आलेलें मूल हातांत खडा असला कीं तो आंत टाकल्याखेरीज राहत नाहीं. खडा सुटतो, क्षणभर कांहींच होत नाहीं, आणि मग खालून 'डुबुक्' असा आवाज येतो. हा जो मधला स्तब्ध क्षण, तो नीट मोजला तर काय हातीं लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विहिरीची खोली पूर्वीं परसांत सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. खोली ठाऊक नसली तर खड्याच्या आवाजावरून ती अजमावतां येते. आपण मात्र उलट बाजूनें जावयाचें आहे. खोली दोर सोडून आधीं मोजावी, काळ घड्याळानें मोजावा, आणि या दोहोंवरून पृथ्वी पडत्या वस्तूचा वेग किती वाढविते तें काढावें.

पडणारी वस्तु एकाच वेगानें पडत नाहीं. सुटतांना तिचा वेग शून्य असतो. पुढें प्रत्येक सेकंदाला त्या वेगांत सारखीच भर पडत जाते. या भरीला त्वरण असें नांव आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तें सुमारें ९.८ मीटर दर सेकंदाला दर सेकंद इतकें असतें; जुन्या पुस्तकांतून ३२ फूट म्हणून जें पाठ करून घेत तेंच हें. 'दर सेकंद' हे शब्द दोनदां आले म्हणून बिचकण्याचें कारण नाहीं. एखाद्या कारकुनाचा पगार दरमहा अमुक रुपये आणि त्यांत दरसाल अमुक रुपयांची बढती, असें आपण म्हणतों, तेव्हां रुपयांच्या मागें महिना आणि साल अशीं दोन मापें लागतातच. येथें दोन्हीं मापें सेकंदाचींच आहेत, इतकाच फरक.

आतां अंतर पाहूं. पहिल्या सेकंदाच्या आरंभीं वेग शून्य, अखेरीस ९.८, म्हणजे सरासरी ४.९. पहिल्या सेकंदांत दगड ४.९ मीटर खालीं गेला. दोन सेकंदांअखेर वेग १९.६ झाला, त्याची सरासरी ९.८, आणि ती दोन सेकंद चालली. एकूण अंतर १९.६ मीटर. काळ दुप्पट झाला, अंतर चौपट झालें. तीन सेकंदांत तें नऊपट, म्हणजे ४४.१ मीटर होतें. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, तें असें. म्हणून उलट हिशेब अगदीं सोपा आहे: अंतराची दुप्पट करावी आणि तिला काळाच्या वर्गानें भागावें. भागाकार येईल तें त्वरण.

हा वर्ग नुसता कागदावरचा नव्हे. वीस मीटर खोल विहिरींत माणसें गाळ काढीत असतां कांठावरून एखादा दगड घसरला, तर तळाशीं पोंचावयास त्याला दोन सेकंद लागतात, आणि तेथें त्याचा वेग ताशीं सुमारें ७० किलोमीटर झालेला असतो. वरच्या माणसाची हांक सेकंदाच्या सतराव्या हिश्शांत खालीं जाते खरी. पण दगड सुटल्याचें ध्यानांत येऊन तोंडांतून शब्द फुटेपर्यंत अर्धा सेकंद सहज निघून जातो. खालच्या माणसाला बाजूस होण्यास उरतो दीड सेकंदाहूनहि किंचित् कमी. विहीर दहाच मीटर खोल असेल तर दगडाचे सारे सेकंद १.४३, आणि हांक ऐकल्यावर उरतो एक सेकंदाच्या आंतला वेळ. 'खोली निम्मीच आहे, भीति निम्मी' असें मानणाराचा हिशेब दोन्हींकडून चुकतो: खोली निम्मी झाली तरी दगडाचा वेग निम्मा होत नाहीं, तो ताशीं ५० किलोमीटर उरतोच, आणि सावध होण्याचा वेळ मात्र कमी होतो. खालीं माणूस उतरण्यापूर्वीं कांठ झाडून साफ करणें हाच येथें खरा उपाय आहे.

पृथ्वी जड वस्तूस आपल्या शक्तीनें ओढून घेते, ही कल्पना भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील 'सिद्धांतशिरोमणी'त सांगितलेली आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटणें येथें आहे, आणि त्यामुळें आपणांस त्यांचा विशेष अभिमान वाटतो तो योग्यच आहे. तथापि पृथ्वी ओढते हें सांगणें वेगळें आणि किती ओढते हें मोजणें वेगळें. हें दुसरें काम त्यांच्या नांवावर चढविणें त्यांच्यासारख्या काटेकोर गणित्याला शोभणारें नाहीं.

मोजण्याचें काम सुरू झालें तें सतराव्या शतकांत, इटलींत. गॅलिलिओनें पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. तिला आधार थोडा आहे. त्यानें खरोखर जें केलें तें उतरत्या फळीवरून गोळा घरंगळत सोडून, भांड्यांतून गळणाऱ्या पाण्याच्या वजनानें वेळ मोजणें. सरळ पडणारा गोळा त्याच्या साधनांना फार चपळ होता. म्हणून त्यानें उताराच्या युक्तीनें त्याची चाल मंद केली, आणि वर्गाचा नियम शोधून १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला.

परंतु मला या कथेंत गॅलिलिओपेक्षां रिच्चिओली हा पुरुष अधिक लोभस वाटतो. हा बोलोन्या शहरांतला जेसुइट पाद्री. पृथ्वी स्थिर आहे या पक्षाचा, अर्थात् गॅलिलिओच्या विरुद्ध बाजूचा. आणि पडत्या वस्तूंविषयींचा गॅलिलिओचा नियमहि त्याला संशयास्पदच वाटत होता. तो खोटा ठरतो कीं काय हें पाहावें म्हणून त्यानें आधीं घड्याळ सिद्ध केलें. घड्याळ म्हणजे टांगलेला लंबक. त्याचे झोके किती काळाचे हें ठरविण्यासाठीं नऊ साथीदारांना पाळीपाळीनें बसवून त्यानें चोवीस तास अखंड झोके मोजले. मग त्यावरून सेकंदाच्या सहाव्या हिश्शाचे झोके घेणारा आंखूड लंबक तयार केला, आणि बोलोन्यांतल्या आसिनेल्ली नांवाच्या उंच मनोऱ्यावरून खडूचे गोळे खालीं सोडले. पांच झोक्यांत गोळा दहा फूट आला, दहा झोक्यांत चाळीस, पंधरांत नव्वद, विसांत एकशेंसाठ, पंचविसांत अडीचशें. ते फूट रोमचे होते, आपले नव्हेत. पण प्रमाण पाहा: एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस. ज्याचें मत खोडावयास तो मनोऱ्यावर चढला होता त्याचाच नियम खरा ठरला. आणि रिच्चिओलीनें तो तसाच १६५१ च्या आपल्या ग्रंथांत छापला. झोक्यांची संख्या इकडची तिकडे केली नाहीं.

आतां आपल्या विहिरीकडे वळूं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत दगड टाकूं नये, हें सांगावयास नको. शेतांतली, मजबूत कठड्याची विहीर निवडावी. आंत कोणी उतरलेलें नाहीं याची खात्री करावी. मुलांबरोबर मोठें माणूस असावें. सुतळीला वजन बांधून पाण्यापर्यंतचें अंतर मोजून घ्यावें. दगड फेंकूं नये, नुसता बोटांतून सोडावा. सोडतांना घड्याळ सुरू करावें, आवाज ऐकतांच थांबवावें. असें घड्याळ आज प्रत्येकाच्या खिशांतल्या भ्रमणध्वनींत असतें, ही रिच्चिओलीला न मिळालेली चैन आहे.

समजा, दोन विहिरी निवडल्या: कालव्याजवळची एक, जिचें पाणी कांठापासून ५ मीटरांवर आहे, आणि वरच्या अंगाची दुसरी, जिचें पाणी २० मीटरांवर आहे. पुढचे आंकडे प्रत्यक्ष घेतलेलीं वाचनें नव्हेत. हिशेब दिसावा म्हणून मीं ते बेतले आहेत, आणि हवेचा अडथळा तूर्त बाजूस ठेवला आहे. उथळ विहिरीनें १.२३ सेकंद दाखविले, खोल विहिरीनें २.२८. सूत्र लावा. उथळ विहिरींत दहा भागिले १.२३ चा वर्ग, उत्तर ६.६. खोल विहिरींत चाळीस भागिले २.२८ चा वर्ग, उत्तर ७.७. पुस्तकांत ९.८१ छापलेलें आहे.

याच ठिकाणीं विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. प्रयोगाच्या वह्या ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांना पुढचा प्रकार चांगला ठाऊक आहे. मुलगा उत्तर आधीं लिहितो, त्यावरून काळ मागें काढतो, २.२८ खोडून २.०२ करतो, आणि वही नीटनेटकी दिसते. गुण मिळतात. कित्येक घरांत वडील मंडळीच ही युक्ति शिकवितात, आणि तिला व्यवहारज्ञान म्हणतात. पण या खोडाखोडींत नुकसान कोणतें होतें, तें पाहण्यासारखें आहे. कारण ६.६ आणि ७.७ हीं दोन उत्तरें चुकीचीं असलीं तरी मुकीं नाहींत.

सुतळीचें माप चुकलें असतें, किंवा घड्याळच हळू अथवा जलद चालत असतें, तर दोन्हीं विहिरींचीं उत्तरें सारख्याच प्रमाणांत बिघडलीं असतीं. तसें झालेलें नाहीं. उथळ विहीर अधिक चुकली आहे, खोल विहीर कमी. ज्याचा बोजा थोड्या काळावर जास्त आणि अधिक काळावर कमी पडतो अशी चूक कोणती? अर्थात् ठराविक रकमेची. शंभरांच्या व्यवहारांत दहा रुपये दलाली गेली तर ती डोळ्यांत भरते, हजारांत गेली तर खपून जाते, तसेंच हें. दोन्हीं वेळां कोणी तरी ठराविक काळ लांबवीत आहे. तो अपराधी म्हणजे आपलें बोट. दगड सोडणें आपल्या हातचें असल्यानें घड्याळ वेळेवर सुरू होतें. परंतु आवाज कानांवर पडून बोट हालेपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा जातो, आणि तो प्रत्येक वाचनांत मिळविला जातो.

तो काढून टाकण्यासाठीं त्याचें माप ठाऊक असण्याचीहि गरज नाहीं. दुसरी विहीर पहिलीच्या चौपट खोल आहे, म्हणून तींत दगड पडण्याचा काळ बरोबर दुप्पट. तेव्हां दोन काळांची वजाबाकी केली कीं उरतो तो उथळ विहिरीचा शुद्ध काळ. बोटाचा उशीर दोन्हींकडे सारखा असल्यानें वजाबाकींत आपोआप उडून जातो. २.२८ उणे १.२३, राहिले १.०५. आवाजालाहि वर येण्यास वेळ लागतो. उबदार हवेंत तो सेकंदाला सुमारें ३४५ मीटर चालतो, म्हणजे खोल विहिरींतून ०.०६ आणि उथळ विहिरींतून ०.०१५ सेकंद. त्यांतला फरक सुमारें ०.०४. तो वजा जातां राहिले १.०१. आतां दहाला १.०१ च्या वर्गानें भागा. उत्तर ९.८.

एवढ्यावर टाळी वाजवूं नये. या १.०१ मध्यें शंभराव्या हिश्शाची चूक इकडे झाली तर उत्तर १०.० येतें, तिकडे झाली तर ९.६. म्हणून वहींत प्रामाणिकपणें लिहावयाचें तें असें: ९.८, सुमारें दोन दशांश कमीअधिक. दगड एकदांच न टाकतां प्रत्येक विहिरींत दहा दहा वेळां टाकून सरासरी घेतली, तर हातून घडणारी ही अनियमित चूक तिपटीनें कमी होते. आणि उथळ विहिरीच्या १.२३ मधून १.०१ व आवाजाचे ०.०१५ काढून घेतले, तर उरलेले ०.२ सेकंद म्हणजे आपल्या स्वतःच्या कानाबोटांचा उशीर. हें माप फुकट मिळालें. ज्यानें २.२८ खोडून २.०२ केलें त्याला यांतलें कांहींच मिळालें नाहीं.

शिवाय ज्याची नक्कल केली तो आंकडाहि देवळालीचा नाहीं. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते आणि विषुववृत्तापाशीं किंचित् फुगलेली आहे, म्हणून त्वरण सर्वत्र सारखें नसतें: विषुववृत्तावर समुद्रसपाटीस ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. उंच जावें तसें तें आणखी थोडें घटतें. १९०१ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें ९.८०६६५ हा संकेत ठरविला तो साधारण ४५ अक्षांशाचा. पुस्तकांतलें ९.८१ हें पॅरिस-लंडनच्या बाजूचें आहे. देवळाली प्रवरा सुमारें साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशें मीटर उंचीवर आहे. तेथें हिशेबानें ९.७८५ च्या आसपास यावयास पाहिजे. म्हणजे वहींत ९.८१ आणण्यासाठीं जो आटापिटा केला, तो देवळालीच्या विहिरींत पॅरिसचा दगड पाडण्यासाठीं.

हा फरक आपल्या विहिरींत दिसेल काय? फरक पाव टक्क्याचा आहे; वीस मीटरांच्या पतनांत सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचे अडीच भाग. बोटानें तर तो दिसणारच नाहीं. बोट बाजूस सारून, सोडतांनाचा खटका आणि पाण्याचा आवाज दोन्हीं भ्रमणध्वनींत ध्वनिमुद्रित केले, तर हजारावा हिस्सा वाचतां येतो. दोरहि वीस मीटरांत दोन सेंटीमीटर इतका बिनचूक मोजतां येईल. पण मघाशीं बाजूस ठेवलेली हवा आतां आड येते. सहा सेंटीमीटर व्यासाचा काळ्या पाषाणाचा गोटा वीस मीटर पडतांना हवेमुळें जो मागें राहतो, त्यानें त्वरण दीड टक्क्याहून किंचित् अधिक कमी भासतें. शोधावयाचा पाव टक्का, आणि आड येणारें धुकें त्याच्या सहापट. लोखंडी गोळा घेतला तर धुकें विरळ होतें, नाहींसें होत नाहीं.

म्हणून शास्त्रज्ञांनीं बराच काळ पडत्या दगडाचा नाद सोडून लंबकच हातीं धरला. लंबकालाहि तेंच त्वरण खालीं ओढतें. पण तो संथ हालतो, हवेनें त्याचा झोका आंखूड होत गेला तरी झोक्याचा काळ जवळजवळ बदलत नाहीं, आणि त्याचे हजारों झोके मोजून चूक वाटून टाकतां येते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बासेवी यांनीं १८६५ पासून असे लंबक दक्षिणेच्या टोंकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणीं झुलविले. मुंबईचें कुलाबा हें त्यांतलें एक ठिकाण. १८७१ सालीं लडाखच्या उंच पठारावर काम करीत असतांनाच बासेवी वारले, आणि उरलेलें काम कॅप्टन हेव्हिसाइड यांनीं पुरें केलें. त्या आंकड्यांनीं सर्वांना चकित केलें. पर्वताच्या प्रचंड राशीमुळें तेथें ओढ वाढलेली दिसावी असें वाटे. उंचीची वजावट केल्यावरहि ती अपेक्षेहून कमी भरली, आणि समुद्रकांठीं मात्र जास्त. पर्वतांच्या खालीं हलक्या खडकाचें मूळ खोल गेलेलें असतें, या आजच्या समजुतीला या मोजण्यांचा मोठा आधार मिळाला. न जमणारे आंकडे 'जमवून' घेतले असते तर ती गोष्ट कळावयास किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे.

आणि मौज अशी कीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रज्ञ लंबक ठेवून पुन्हां पडत्या वस्तूकडेच आले. आजच्या अत्यंत सूक्ष्म उपकरणांत एक लहानसा आरसा निर्वात नळींत सुमारें वीस सेंटीमीटर खालीं पडूं देतात. हवा नाहीं, म्हणून धुकें नाहीं. अंतर लेसर किरणांच्या लहरींनीं मोजतात, काळ अणुघड्याळानें. आणि त्वरण अब्जांश कांहीं भागांपर्यंत बिनचूक मिळतें. वीस सेंटीमीटर पडावयास त्या आरशाला ०.२ सेकंद लागतात. आपलें बोट उशीर करण्यांत घालवितें जवळजवळ तेवढाच वेळ.

इतकी सूक्ष्मता आली कीं त्वरण एका जागींहि स्थिर राहत नाहीं. चंद्रसूर्यांच्या ओढीनें तें दिवसांतून कमीअधिक होतें, तो भाग हिशेबानें वजा करावा लागतो. तो वजा केल्यावर जमिनीखालचें पाणीहि जाणवूं लागतें. पायांखालीं एक मीटर जाडीचा निव्वळ पाण्याचा थर वाढला, तर त्वरण दहा कोटींत सुमारें चार भागांनीं वाढतें. काळ्या पाषाणांत पाणी फटींतून आणि मुरमांतून राहतें, त्यामुळें विहिरीची पातळी मीटरभर चढली तरी खरा थर त्याच्या कांहीं टक्केच भरतो. तेवढा फरक या उपकरणाच्या शक्तीच्या अगदीं सीमेवर येतो. पण पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर एकाच जागीं तो आरसा पाडून पाहिला, आणि मधल्या काळांत पातळी कित्येक मीटर चढलेली असली, तर विहिरींत न डोकावतां तेंहि त्या ०.२ सेकंदांत उमटतें.